ओळीच्या टोकाचं तण

आत्याला सगळे भिंगबाई म्हणायचे. तोंडावर म्हणायचे आणि तिला ते आवडायचंही. शाळा तिने दारातूनच बघितलेली, चष्मा कधी लावला नाही, पण खरबुजाच्या वेलाखाली नखाएवढं गवत उगवलं तरी तिला उभ्या उभ्या दिसायचं. "तो बघा, तिथं दडलाय चोर," असं म्हणायची आणि खुरप्याचं टोक नेमकं तिथेच टेकवायची.

नवरा लवकर गेला. मूलबाळ नव्हतं. मग ती धाकट्या भावाकडे आली, म्हणजे आमच्या वडिलांकडे, आणि स्वयंपाकघराच्या मागची खोली तिने घेतली. खोलीत एक खाट, एक पत्र्याची पेटी, खिळ्याला अडकवलेली चार-पाच खुरपी. भाऊ पन्नाशीला आला तरी ती त्याला बाळच म्हणायची. माणसांसमोर म्हणायची. तो चिडायचा, "ताई, अगं माझे केस गेले," आणि ही म्हणायची, "मग काय झालं, जन्मलास तेव्हाही नव्हते."

तिची खुरपणाऱ्या बायकांची टोळी होती. आजूबाजूला सगळी खरबुजाचीच शेतं. भावाचंही एक होतं, रस्त्याला लागून, घराच्या समोरच. सगळ्यांकडे हीच टोळी जायची. आत्याने खुरपलेलं शेत म्हणजे केस विंचरलेलं डोकं, असं लोक म्हणायचे.

आता तिची पद्धत सांगितली पाहिजे, कारण सगळं त्या पद्धतीवरच आलं.

टोळीत भांडणं फार. कुणाची ओळ घाण राहिली, यावरून रोज तोंडं सुटायची. त्यात एक बाई होती भोंगा नावाची. खरं नाव सगळे विसरले होते. ती कुजबुजली तरी पलीकडच्या शेतात ऐकू जायचं. एकदा मालकाने एक घाण ओळ दाखवली आणि विचारलं, ही कुणाची? भोंगा म्हणाली, "माझी नाही. माझी ओळ आरशासारखी असते." दुसरी म्हणाली, "आरसा बघितला असतास तर अशी आली असतीस का कामाला?" झालं. खुरपी बाजूला पडली आणि झिंज्या धरायची वेळ आली.

तेव्हा आत्याने निकाल दिला. प्रत्येकीने आपल्या ओळीच्या टोकाला एक तण राखायचं. सगळं काढायचं, पण ते एक ठेवायचं. प्रत्येकीचं तण वेगळं. म्हणजे टोकाला नजर टाकली की कळलं ओळ कुणाची. लिहायला कुणाला येत नव्हतं, आणि काठ्या रोवल्या तर पोरं उपटून नेतात. तण कोण नेतंय?

आत्याने स्वतःला घोळ घेतली, जाडजूड पानांची, उन्हात न मरणारी. भोंगाने घेटुळी घेतली, जमिनीवर हातपाय पसरून पडणारी. "माझ्यासारखीच आहे, जागा सोडत नाही," म्हणाली. आणखी एकीने काटेमाठ घेतला, तिला कुणी हात लावलेला आवडत नसे म्हणून.

भांडणं मिटली. बायकांना त्या तणाचा लळाच लागला. दुपारी जेवण झालं की बाटलीतलं उरलेलं पाणी आपापल्या तणाच्या बुडाशी ओतायच्या. पाण्याच्या नळीचं तोंडही तिथेच, ओळीच्या टोकाला, जरा गळायचं. त्यामुळे फळं निघून जायची, वेल वाळून जायचे, शेत उघडं पडायचं, तरी ती टोकाची तणं हिरवीगार उभी. नांगरही टोकं सोडून वळायचा. पुढच्या हंगामात बायका आल्या की आधी आपलं तण शोधायच्या. कितीतरी हंगाम असं चाललं. सगळ्या शेतांत चाललं. आत्याला त्याचा अभिमान होता.

मग एका उन्हाळ्यात, फळं भरायला लागली तेव्हा, भावाच्या शेतात टोकाचा एक वेल बसला. बसला म्हणजे पानं खाली टाकली. सकाळी उभा होता, दुपारी नव्हता.

"ताई, हे बघ. तहान लागली वाटतं याला."

आत्या उकिडवी बसली. माती ओली होती. "पाणी तर आहे रे."

"मग जास्त झालं असेल."

"बाळ, तूच ठरव. कमी झालं का जास्त?"

भावाने पाणी वाढवलं. मग कमी केलं. दुकानातून पांढरी पावडर आणून ओतली. वेल बसतच गेले, एक झाला की त्याच्या शेजारचा, टोकाकडून आत. फळं अर्धीमुर्धी, उन्हात भाजल्यासारखी पिवळी पडायची. कापली तर आत पाणचट, वास नाही, गोडी नाही. वेल उपटला की हातात मुळाची साल निसटून यायची आणि आत काळे बारीक ठिपके, मिरीची पूड भुरभुरल्यासारखे.

आणि शेजारी तण मात्र हिरवं. त्याला काही नाही.

"माती चांगली आहे," आत्या म्हणाली. "माती खराब असती तर तण नसतं का मेलं?"

हे तिचं बोलणं सगळ्यांना पटलं. भावालाही पटलं. तिथेच चुकलं सगळं.

पुढच्या हंगामात तिच्या नजरेने आणखी एक गोष्ट पकडली, आणि ती पकडली नसती तर बरं झालं असतं. सगळ्या ओळी सारख्या मरत नव्हत्या. घोळीच्या ओळीत वेल हळूहळू खंगायचा, फळं बारकी ठेवून का होईना, शेवटपर्यंत ओढायचा. काटेमाठाच्या ओळीत तर नुसती पानं जरा मलूल, बाकी काही नाही. पण घेटुळीच्या ओळीत वेल एका दुपारीत आडवा. जणू कुणी खालून दोरी कापली. आणि शेजारच्या शेतातही तसंच, आणि त्याच्या पलीकडच्यातही. जिथे जिथे घेटुळी, तिथे तिथे आडवा.

घेटुळी भोंगाची.

आधी बायका हळू बोलायच्या. हिचा हात वाईट. हिने वेलाला खुरपं लावलं असणार. मग जरा मोठ्याने. हिची नजर. हिचा पाय. भोंगा ओळीत शिरली की बाकीच्या दोन ओळी सोडून बसायला लागल्या. मालक लोकही म्हणायला लागले, त्या मोठ्या आवाजाच्या बाईला आणू नका.

आत्याला हात, पाय, नजर असलं काही खरं वाटत नव्हतं. पण डोळ्याला तर दिसत होतं! रोज दिसत होतं. आणि मरत होतं ते भावाचं शेत. घर त्याच शेतावर चालायचं. आम्ही पोरं, वहिनी म्हणजे आमची आई, ती स्वतः, सगळी त्याच शेताच्या जिवावर. भावाने झोप सोडली होती. अर्ध्या ताटावरून उठायचा.

एक दिवस कामावरून परतताना तिने भोंगाला थांबवलं.

"उद्यापासून नको येऊस."

"का? हात झिजला का माझा?"

"ओळ बसते तुझी."

"ओळ बसते म्हणजे? मी काय तिच्या अंगावर बसते?"

बाकीच्या वेळी सगळ्या हसल्या असत्या. त्या दिवशी एकीनेही दात दाखवले नाहीत. भोंगाने सगळ्यांच्या तोंडाकडे बघितलं, मग खुरपं पिशवीत टाकलं आणि गेली. जाताना काहीच बोलली नाही. तिचा आवाज ऐकू न येणं, हेच आत्याला फार लागलं. घरी येऊन वहिनीला म्हणाली, "ओरडली असती तर बरं वाटलं असतं गं."

भोंगा गेली. घेटुळीच्या ओळी दुसऱ्या बाईकडे आल्या. वेल तसेच आडवे पडत राहिले. आत्या म्हणाली, अजून तिचा असर असेल. पण म्हणताना तिचा आवाज पक्का नव्हता.

त्याच सुमाराला शेतकी प्रयोगशाळेतली एक बाई वेलांचा रोग तपासायला शेतात आली. बायकांनी तिचं लगेच नाव ठेवलं, बाटलीवाली, कारण ती माती बाटलीत भरायची. तरुण होती, उन्हाने नाक सोललेलं. तिने मेलेले वेल घेतले आणि मग टोकाचं हिरवं तणही मुळासकट काढून पिशवीत घातलं.

"अहो बाई," काटेमाठवाली म्हणाली, "मेलेला सोडून जित्याला कुठे नेताय?"

"जित्याच्याच घरात चोर लपतो मावशी," बाटलीवाली म्हणाली.

ती आत्याला म्हणाली, तुम्हाला सगळी शेतं माहीत आहेत, सगळीकडचं तण थोडं थोडं आणून द्याल का? आत्याने आणून दिलं. ओल्या कागदात गुंडाळून, पोत्यात, बसने. आधी एकदा गेली, आणि मग निकाल बघायला बोलावलं म्हणून परत गेली. भावानेच पाठवलं. म्हणाला, "ताई, विचारून ये काय ओतायचं. ओतलं की झालं."

प्रयोगशाळा म्हणजे लांबट खोली. पांढऱ्या फरशा, कोपऱ्यात बेसिन, कपाटातून येणारी घरघर. आणि खोलीभर उकडलेल्या बटाट्याचा वास.

"जेवायची वेळ झाली का?" आत्याने विचारलं.

"नाही हो. बुरशीला बटाट्याचं पाणी लागतं. त्यातच वाढवतो तिला."

"बरं आहे. आमच्याकडे पाहुण्यालासुद्धा कुणी एवढं करत नाही."

बाटलीवाली हसली. मग तिने टेबलावर काचेच्या बशा मांडल्या, झाकण लावलेल्या. आत्या बघत राहिली. एका बशीत राखाडी, कापूस पिंजून टाकल्यासारखं. एकीत मधे काळं, कडेला पांढरं. एकीत सगळंच काळं, दिव्यावर धरलेल्या काचेसारखं, बशीच्या कडेपर्यंत पोचलेलं.

"या किती जातीच्या?"

"जात एकच. मूळ कुजवणारी बुरशी, तुमच्या वेलातली तीच. या सगळ्या तणांच्या मुळातून काढल्यात. पण एकीचा स्वभाव दुसरीसारखा नाही. एक सावकाश वाढते, एक धावते. एक नुसती राहते, एक मारते."

"एका आईची लेकरं."

"तसंच."

"आणि तणाला काही करत नाही?"

"तणाला नाही. तिथे नुसती राहते. वेल दिसेपर्यंत."

खिडकीत कुंड्या होत्या. खरबुजाची कोवळी रोपं. प्रत्येकाच्या देठात दात कोरायची काडी टोचलेली. त्या काडीवर आधी बुरशी वाढवायची आणि मग ती रोपाला टोचायची, असं बाटलीवालीने सांगितलं. एका कुंडीतलं रोप जेमतेम मलूल. दुसऱ्यातलं उभं होतं, पण बुडाशी काळं. आणि तिसऱ्या कुंडीत रोप नव्हतंच, मातीवर एक तपकिरी दोरा पडला होता.

"ही कुठली?" आत्याने तिसरीकडे बोट केलं. विचारायची गरज नव्हती.

"घेटुळीतली. सगळ्यात वाईट हीच निघाली. निदान तुमच्या भागात. दुसरीकडे घोळीतलीही अशी असू शकते, सांगता येत नाही. मला या बशांचा स्वभाव कळतो. शेताचा नाही."

आत्या स्टुलावर बसली. तिला भोंगाची पाठ दिसत होती, पिशवी घेऊन चाललेली.

बाटलीवाली झाकणं पुसत बोलत होती. "मला एकच कोडं आहे. इतकी स्वच्छ शेतं मी कुठे बघितली नाहीत. आणि त्या स्वच्छ शेतात प्रत्येक ओळीच्या टोकाला एकच तण, वर्षानुवर्षं जुनं. त्याचं मूळ बघा, मनगटाएवढं. कुणी जपल्यासारखं."

पाण्याचा पेला पुढे आला, तो आत्याने घेतला आणि हातातच धरून ठेवला. मग विचारलं, "मरते कशाने ती बुरशी?"

"मातीत काळे दाणे टाकून ठेवते. ते लवकर मरत नाहीत. वाट बघतात."

"कशाची?"

"उन्हाची. फळांची. वेलावर ओझं आलं की उठतात."

काय करायचं तेही तिने सांगितलं. तण मुळासकट, भोवतीच्या मातीसकट हाताने खणून काढायचं, पोत्यात भरून शेताबाहेर जाळायचं. नांगर घालायचा नाही, ट्रॅक्टर फिरवायचा नाही, नाहीतर जे टोकाला आहे ते शेतभर जाईल. आणि काही वर्षं तिथे खरबूज नको, दुसरं काहीतरी घ्या, जे तिला चालत नाही ते.

आत्या बसमधून उतरली ती सरळ घरी आली. भाऊ अंगणात होता. रोपवाटिकेतून आणलेली खरबुजाची रोपं ट्रेमध्ये ओळीने मांडलेली, नवी, चमकदार. तो एकेका ट्रेवर पाणी शिंपडत होता. तिने पायातली चप्पलही काढली नाही, उभ्यानेच सगळं सांगितलं. तण तिचं, खूण तिची, पद्धत तिची.

भाऊ ऐकत राहिला. मग म्हणाला, "हे अजून कुणाला सांगितलंस?"

"कुणाला नाही."

"मग नको सांगूस. लोकांना काय सांगणार? माझ्या बहिणीने गावभर गवत पाळलं आणि पाणी घालून वाढवलं?"

"तेच सांगणार."

"टोळी बंद होईल तुझी."

"होऊ दे. बाळ, तू ही रोपं लावू नकोस."

"शेत काय झोपवून ठेवू? अंगाई म्हणू?" तो ओरडला नाही, पण पाण्याचा झारा त्याने जोरात खाली ठेवला. "तण आहे ना टोकाला? तण काढतो. एका दिवसाचं काम. ट्रॅक्टरवाल्याला सांगितलंय मी."

"ट्रॅक्टर नको. ती म्हणाली हाताने..."

"ताई, खुरपं तू बघ. ट्रॅक्टर मी बघतो."

वहिनी दारात आली होती. ती म्हणाली, "अहो, थोडं थांबलात तर?" तर तिलाही म्हणाला, "तूही प्रयोगशाळेतून आलीस का?"

आत्या दुसऱ्या दिवशी सकाळी भोंगाच्या दारात गेली. भोंगा कपडे वाळत घालत होती. हिला बघून तिने पिळलेलं कापड झटकलं, पाण्याचे थेंब हिच्या अंगावर उडाले.

"बोल."

"हात तुझा नव्हता."

"मला माहीत होतं."

"माझाच होता. ती खूण."

तिने सगळं सांगितलं. भोंगा कपडे घालत राहिली. शेवटचं कापड संपल्यावर म्हणाली, "माझ्यात एवढी ताकद असती तर पहिलं तुझं तोंड वाळलं असतं. ओळीला कशाला हात लावला असता?"

आत्या हसली आणि रडली, दोन्ही एकदम. भोंगाही हसली, आणि तिचं हसणं रस्त्यापर्यंत गेलं. पण मग गंभीर होऊन म्हणाली, "मी त्या बायकांत परत येणार नाही. तू बोलावलंस तर तुझ्यासोबत येईन. तेवढंच."

दोघी पोती आणि फावडी घेऊन भावाच्या शेतात गेल्या. खरंच मनगटाएवढी मुळं होती, खोल गेलेली. खणायचं, माती न सांडता पोत्यात घालायचं, पोतं ओढत बाहेर न्यायचं. ऊन असं की फावड्याचा दांडा भाजायचा. भाऊ घराच्या ओसरीवरून बघत होता. तो आला नाही आणि त्याने थांबवलंही नाही. संध्याकाळपर्यंत रस्त्याकडच्या थोड्याशा ओळी झाल्या. भोंगा म्हणाली, "उद्या लवकर येऊ, उन्हाच्या आधी."

त्या लवकर आल्या. ट्रॅक्टर त्यांच्याही आधी आला होता.

शेत एकसारखं झालं होतं, मऊ, रवाळ, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. तण कुठे दिसत नव्हतं. घेटुळीच्या मुळाचे तुकडे सगळीकडे पसरले होते, बोटाबोटाएवढे, ताज्या जखमेसारखे पांढरे. आत्या वाकली आणि वेचायला लागली. एक, दुसरा, तिसरा. भोंगाने तिचा दंड धरला. "उठ. हे वेचून संपणारं नाही."

"बघ किती साफ झालं," भाऊ बांधावरून म्हणाला. त्याच्या आवाजात जरा लाज होती, पण आनंदही होता. "तुला जमलं नसतं एवढं."

"नाही," आत्या म्हणाली. "मला नसतं जमलं."

रोपं लागली.

आत्या मग बाकीच्या शेतमालकांकडे गेली, दारोदार, भोंगाला घेऊन. सांगायची, टोकाची तणं खणून काढा, ट्रॅक्टर घालू नका, चूक माझी. काहींनी खणली. काही म्हणाले, म्हातारीला ऊन लागलं. एक जण म्हणाला, मग आमच्या मेलेल्या वेलांचं काय? टोळीला बोलावणं कमी झालं, मग थांबलं. खोलीत खिळ्याला खुरपी लटकत राहिली. ती खाटेवर बसून त्यांच्याकडे बघायची नाही, भिंतीकडे तोंड करून बसायची.

भावाच्या शेतात मात्र तिने पाय टाकला नाही. तो बोलवायचा. वेल पसरले तेव्हा बोलावलं. पिवळी फुलं आली तेव्हा तर हात धरून ओसरीपर्यंत नेलं.

"बघ. एक तरी बसला का?"

खरंच, असे वेल कधी आले नव्हते. माती दिसत नव्हती, नुसती पानं. मधमाश्यांचा आवाज घरापर्यंत येत होता.

"फळ येऊ दे बाळ," ती म्हणाली.

"तुला आनंद होत नाही का गं?"

"होतो रे. म्हणूनच."

त्यानंतर थोड्याच दिवसांनी ती गेली. दुपारी मोरीत भांडी घासत होती, वहिनीला म्हणाली, हात जड झालाय, आणि तिथेच भिंतीला टेकून बसली. वहिनीला वाटलं, दमली. पाणी आणेपर्यंत संपलं होतं. डॉक्टर म्हणाले, हृदयविकार. भाऊ शेतातून पळत आला, पायाला माती तशीच, आणि तिच्या पायाशी बसून राहिला. ती असताना जे बोलायचं राहिलं होतं, ते आता कसं बोलणार? भोंगा आली आणि रडली ती साऱ्या वस्तीने ऐकलं. आम्हा पोरांना आत्याशिवाय झोपायची सवय नव्हती. मोठे झालो तरी नव्हती. असो.

फळं धरली. मुठीएवढी झाली, मग डोक्याएवढी, सालीवर जाळी उमटायला लागली. ऊन वाढलं. भाऊ रोज सकाळी एकटा फेरी मारायचा, ओळीच्या टोकाला थांबायचा, बघायचा. टोकाला काही नव्हतं. तो घरी येऊन म्हणायचा, "एकही नाही." वहिनी भाकरी थापत राहायची. तो आणखी मोठ्याने म्हणायचा, "एकही नाही म्हणतो मी."

तो टोकं बघत होता. पण टोकं आता राहिलीच कुठे होती?

त्या दिवशी सकाळी सगळं उभं होतं. जेवायच्या वेळेला भाऊ ओसरीवर आला आणि उभा राहिला. त्याने हाक मारली नाही, पण वहिनी बाहेर आली, आणि आम्ही पोरं आलो. शेत खाली बसलं होतं. एक ओळ नाही, दोन नाही. या बांधापासून त्या बांधापर्यंत सगळी पानं एकदम मातीला टेकलेली, ओल्या कपड्यासारखी. वाऱ्याने हलतही नव्हती. भाऊ मधे शिरला आणि एक वेल उचलला. तो हातात सहज आला, ओढावाच लागला नाही. खालच्या मुळाला साल नव्हती.

त्याने तो जपून परत मातीवर ठेवला.

पानं खाली गेल्यामुळे सगळी फळं उघडी पडली होती. एरवी पानांखाली असतात, दिसत नाहीत. आता सगळी एकदम दिसत होती, गोल, पिवळसर, शेतभर, शेवटच्या बांधापर्यंत. एवढी फळं त्या शेतात कुणी कधी एका नजरेत बघितली नव्हती.

रस्त्यावर एक टेम्पो थांबला. ड्रायव्हर परका होता, या बाजूचा नव्हता. त्याने खिडकीतून मान बाहेर काढली आणि मोकळ्या मनाने हसला.

"काय पीक आलंय हो तुमचं!"

भाऊ उन्हात उभा होता, हाताला काळी माती. त्याने टेम्पोकडे बघितलं, मग शेताकडे.

"हो," तो म्हणाला. "बहिणीने राखलं होतं."